सोसण्याचा हिशेब

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण लहानपणीच कानावर पडते आणि ती दगडाविषयी आहे हे पुढे आपण विसरून जातो. माणसानेही घाव सोसले पाहिजेत, तोंडातून ‘हाय’ निघता कामा नये, अशी आपली एकंदर समजूत. कर्णाचीच गोष्ट घ्या. मांडीवर डोके ठेवून गुरू निजले आहेत, भुंगा मांडी पोखरतो आहे, रक्ताची धार लागली आहे आणि कर्ण हलत नाही. भीष्म तर उत्तरायण लागेपर्यंत बाणांच्या शय्येवर पडून राहिले. आमच्या पिंगुळीत या गोष्टी नुसत्या ऐकायच्या नसतात, पाहायच्या असतात. येथील ठाकर समाजाने चित्रकथीची आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि गात, बोलत कथा पुढे न्यायची, अशी ही कला. तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा गाव आनंदून गेले होते.

मात्र याच कथा थोड्या बारकाईने पाहिल्या तर त्यांची दुसरी बाजूही दिसते. भीष्म पडल्यावर शरीरातले बाण काढण्यात निष्णात असलेले वैद्य दुर्योधन घेऊन आला होता. भीष्मांनी त्यांचा मान राखून त्यांना परत पाठवले, कारण त्यांना बरे व्हायचे नव्हते. मरण त्यांच्या इच्छेवर होते. लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा मात्र ‘सोस बाबा’ असे कोणी म्हटले नाही. रातोरात औषधी आणायला मारुती धावला. ज्याला उठून पुन्हा उभे राहायचे आहे त्याच्यासाठी औषध, असा हा साधा न्याय आहे. ऑपरेशन करून घरी आलेला माणूस लक्ष्मणाच्या बाजूचा आहे. आपण त्याला भीष्मांच्या ओळीत नेऊन बसवतो, तिथे घोटाळा होतो.

पिशवीभर औषधे, घरभर सल्ले

आमच्या भागातली माणसे ऑपरेशनसाठी कुडाळ, सावंतवाडी, ओरोस इथे जातात. मोठे काही असले की गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला, बेळगावला, नाहीतर मुलाच्या आधाराने मुंबईला. पूर्वी टाके निघेपर्यंत रुग्णालयातच राहायचे. आता दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आणि इतर बऱ्याच ऑपरेशनांनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी पाठवतात. ते चांगलेच आहे. पण याचा अर्थ असा, की दुखण्याचे बरेचसे दिवस आता घरीच काढायचे असतात. तिथे सिस्टर नसते, बेल नसते. असते ती औषधांची पिशवी. कात्रीने कापलेल्या पट्ट्या, त्यांवर औषधवाल्याने पेनाने लिहिलेले ‘१-०-१’, आणि एका पाकिटावर नुसतेच ‘दुखल्यास’. किती दुखल्यास, दिवसातून किती वेळा, आणि आधीच्या गोळीनंतर किती तासांनी, हे त्या पाकिटावर मावत नाही.

मग भेटायला येणारे येतात. शहाळी येतात, बिस्किटांचे पुडे येतात आणि सल्लेही येतात. एक जण म्हणतो, “ऑपरेशन झाला म्हणजे दुखतलाच. सोसूक व्हया.” दुसरा म्हणतो, “गोळये खाव नको, किडनीक वायट.” तिसरा खिशातून स्वतःच्या गुडघ्यासाठी घेतलेली पट्टी काढतो. “हीच घे, माका लागू पडली.” तिघांच्याही मनात मायाच असते. पण पहिल्याचे ऐकले तर माणूस अंथरुणाला खिळतो, दुसऱ्याचे ऐकले तर डॉक्टरांचा बेत बिघडतो, आणि तिसऱ्याचे ऐकले तर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातात.

काही वर्षांपूर्वी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. शेजारच्या खाटेवर पोटाचे मोठे ऑपरेशन झालेले एक गृहस्थ होते. उभा जन्म रापणीवर गेलेला, हाडापेराने दणकट. सिस्टर दर फेरीला विचारायची, “आजोबा, दुखतंय का?” आणि ते दर वेळी सांगायचे, “नाय, बरा आसा.” पण खोकला आला की ते तो गिळून टाकत. श्वास अर्धाच घेत. उठून बसायचे नाव काढत नसत. चौथ्या दिवशी अंगात ताप भरला, छातीत कफ झाला आणि घरी जाणे आठवडाभर लांबले. डॉक्टर त्यांच्या मुलाला सांगत होते, “दुखतं म्हणाले असते तर औषध वाढवलं असतं, खोकले असते, आणि बहुधा हे टळलं असतं.” ते आजोबा खोटे बोलत नव्हते. ‘दुखते’ म्हणणे हे त्यांना शोभणारे वाटत नव्हते, इतकेच.

पुण्यातले नाक

वेदनेविषयी न बोलण्याची ही सवय जुनी आहे, आणि ती फक्त रुग्णांची नाही. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका ऑपरेशनची हकीकत छापून आली. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर एक मराठा गाडीवान होता. त्या मजकुरात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला, आणि मग विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा साचा कपाळावर ठेवून तेवढ्या आकाराची कातडी वस्तऱ्याने सोडवायची, दोन भुवयांमधली पट्टी तशीच ठेवून ती खाली वळवायची आणि नाकाच्या जागी जुळवायची, अशी ती रीत. हे वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ साली तसेच ऑपरेशन केले. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याच्या या हकिकतीला मानाचे पान आहे.

त्या मजकुरात ऑपरेशननंतरची शुश्रूषाही बारकाईने दिली आहे. काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस ठेवायच्या, मग तुपात भिजवलेले कापड लावायचे. पाच-सहा दिवस उताणे झोपवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. सगळे आहे. वेदनेविषयी मात्र अवाक्षर नाही. कपाळाची कातडी वस्तऱ्याने सोडवताना आणि पुढे उताणा पडलेला असताना त्या गाडीवानाचे काय झाले असेल, याची नोंद घ्यावी असे कोणाला वाटले नाही. तेव्हा ते गृहीतच होते.

आपल्या प्राचीनांना याची जाण नव्हती असे नाही. शस्त्रकर्माआधी रुग्णाला जेवू घालावे आणि तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छित होणार नाही व शस्त्राची वेदना त्याला जाणवणार नाही, असे सुश्रुताने सांगितले आहे. (आज नेमके उलटे, म्हणजे उपाशीपोटी ऑपरेशन करतात, कारण भूल दिल्यावर पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.) खरी क्रांती झाली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, बॉस्टन शहरात ईथरच्या गुंगीत गाठ काढून दाखवण्यात आली तेव्हा. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, कलकत्त्यातही ईथर वापरले गेले. टेबलावरची वेदना संपली. पण शुद्धीवर आल्यानंतरची वेदना त्यानंतरही पुष्कळ वर्षे रुग्णाच्याच खात्यावर राहिली. ती सोसायचीच असते, असे डॉक्टरांनीही धरून चालावे, अशी स्थिती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होती. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात वेगळा विचार लावून धरला. एकाच जालीम औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या थोड्या प्रमाणात एकत्र द्यायची, रुग्णाला लवकर खाऊ घालायचे आणि लवकर चालवायचे. आज मोठ्या रुग्णालयांत जी पद्धत दिसते ती मुख्यतः या विचारातून आली.

न दुखण्याचे काम काय?

वेदना कमी करणे म्हणजे रुग्णाचे लाड करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी शरीरात काय घडते ते पाहावे. पोटावर किंवा छातीवर टाके असले की दुखण्याच्या भीतीने माणूस उथळ श्वास घेतो. फुप्फुसाचा तळचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. दुखते म्हणून पाय हलवले नाहीत तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. जोराच्या वेदनेने नाडी आणि रक्तदाब चढतो, मधुमेह्याची साखर वाढते, झोप उडते. गुडघ्याचा सांधा बदललेला माणूस दुखण्यापायी व्यायाम करीत नसेल तर सांधा आखडतो आणि एवढा खर्च करून बसवलेला गुडघा पुरता वाकत नाही. आणखी एक गोष्ट अलीकडे अधिक स्पष्ट झाली आहे. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस ज्यांनी तीव्र वेदनेत काढले, त्यांच्यात पुढे महिनोन्‌महिने दुखत राहण्याचे प्रमाण जास्त आढळते. जखम भरते, पण मज्जातंतू दुखण्याचा धडा विसरत नाहीत.

म्हणजे थकलेल्या कर्जासारखेच हे आहे. वेळेवर हप्ता भरला तर थोडक्यात निभते. ‘बघू, अजून सोसवतंय’ म्हणत पुढे ढकलले तर व्याज चढते, आणि मग तेवढेच दुखणे उतरवायला जास्त औषध लागते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी ठरवलेली गोळी घड्याळाप्रमाणे घ्यावी, दुखणे शिगेला जाण्याची वाट पाहू नये, असे सांगितले जाते. पाठीतून भूल दिली असेल तर तिचा अंमल काही तासांत उतरतो. पाय जड वाटणे कमी होऊ लागले की सिस्टरला सांगावे. रात्री दोन वाजता कळवळण्यापेक्षा ते बरे.

वेदना पूर्ण शून्यावर आणणे हा मात्र उद्देश नसतो. थोडे दुखणे राहतेच. दीर्घ श्वास घेता यावा, खोकता यावे, उठून न्हाणीघरापर्यंत जाता यावे आणि रात्री झोप लागावी, एवढे जमले की औषधाचे काम झाले.

तीन जातींची औषधे

औषधांच्या दुकानात नावे शेकडो असली तरी घरी दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या मुख्य जाती तीनच. त्या ओळखता आल्या की निम्मे काम होते.

पहिली जात पॅरासिटामॉलची. तापाची गोळी म्हणून आपण तिला हलके लेखतो, पण ऑपरेशननंतरच्या औषधांचा पाया तीच. ठरावीक वेळी घेतली तर इतर कडक औषधांची गरज ती कमी करते. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४,००० मिलिग्रॅम ही तिची कमाल मर्यादा धरतात. किडकिडीत, वृद्ध, यकृताचा आजार असलेल्या किंवा नियमित दारू घेणाऱ्या माणसासाठी ती आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. धोका असा, की पॅरासिटामॉल इतर गोळ्यांत लपून बसलेले असते. एक नमुना मांडून पाहू. ६५० ची गोळी तीन वेळा, म्हणजे १,९५०. सुजेसाठी दिलेल्या जोडगोळीत ३२५ आणि ती दोन वेळा, म्हणजे ६५०. कडक दुखण्यासाठीच्या जोडगोळीत पुन्हा ३२५, तीन वेळा, म्हणजे ९७५. बेरीज झाली ३,५७५. आता सर्दी झाली म्हणून घरातल्या कोणी ५०० पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी दोनदा दिली की एकूण ४,५७५. चार वेगळ्या नावांच्या, चार वेगळ्या रंगांच्या गोळ्या, आणि मर्यादा ओलांडली गेली. यकृत लगेच तक्रार करीत नाही. ते दोन-तीन दिवसांनी बोलते, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचावेत. चष्मा लागत असेल तर नातवाकडून वाचून घ्यावेत.

दुसरी जात सूज आणि ठणका कमी करणाऱ्या गोळ्यांची: डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे. हाडाच्या आणि दाताच्या ऑपरेशननंतर यांचा चांगला उपयोग होतो. पण पोटात व्रण करणे, रक्तस्राव वाढवणे आणि मूत्रपिंडावर ताण आणणे हे यांचे दोष. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला काय करू शकते याचा टोकाचा दाखला गिधाडांनी दिला. हे औषध टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. त्यांची संख्या इतकी घटली, की २००६ साली गुरांसाठी हे औषध वापरण्यावर भारतात बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, आणि थोड्या दिवसांसाठी सांगितल्याप्रमाणे घेतलेली गोळी बहुतेकांना मानवते. मात्र ज्याला पूर्वी अल्सर झाला आहे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, दमा आहे, जो रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो, त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. या जातीच्या दोन गोळ्या एकत्र कधीही घेऊ नयेत. शेजाऱ्याच्या गुडघ्याची गोळी नेमकी याच जातीची असते. आणि आपल्या कोकणात पावसाळ्यात आणखी एक पथ्य आहे. अंगात ताप आला, आणि तो डेंग्यूचा किंवा लेप्टोचा असण्याची शक्यता असली, तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे फार धोक्याचे.

तिसरी जात अफूच्या कुळातली: ट्रॅमाडॉल, आणि रुग्णालयात इंजेक्शनने दिले जाणारे मॉर्फिन. मळमळ, चक्कर, गुंगी आणि बद्धकोष्ठ हे यांचे उपद्रव. पोटावर ताजे टाके असताना बद्धकोष्ठाने कुंथावे लागणे किती वाईट, हे सांगायला नको. तेव्हा ही गोळी चालू असताना पोट साफ ठेवण्याचे औषधही विचारून घ्यावे, पाणी भरपूर प्यावे. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्याबरोबर ही औषधे घेतली तर श्वास मंदावू शकतो. फिट्‌सचा आजार असेल किंवा नैराश्यावरील गोळ्या चालू असतील तर ट्रॅमाडॉल घेण्याआधी सांगितलेच पाहिजे. ती चालू असताना स्कूटर चालवू नये. सिझेरियन झालेल्या आणि बाळाला पाजणाऱ्या मुलीने तर कोणती गोळी चालेल हे विचारूनच घ्यावे. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन पाजताना साधारणपणे सुरक्षित मानतात, ट्रॅमाडॉलच्या बाबतीत मात्र सावधगिरीचा इशारा आहे.

व्यसनाची भीती

“ही नशेची गोळी तर नव्हे?” हा प्रश्न हल्ली घरोघर विचारला जातो. त्यामागे अमेरिकेतल्या बातम्या आहेत. तिकडे असलेला मुलगा किंवा भाची फोनवर बजावते, “आई, ती गोळी अजिबात घेऊ नकोस.” तिचे म्हणणे उगाच नाही. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूवर्गातली गोळी बाजारात आणली आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवून ती खपवली. याबद्दल कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. दरम्यान साध्या ऑपरेशनांनंतरही महिन्या-महिन्याच्या गोळ्या घरी दिल्या जात होत्या. पुढे बेकायदा फेंटॅनिलची भर पडली. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने तिथे प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे मेली.

आपल्याकडे नेमके दुसरे टोक होते. अफू पिकवणाऱ्या मध्य प्रदेश-राजस्थानच्या शेतांचा हा देश. औषधांसाठी लागणारी अफू आपण परदेशी पाठवतो. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवण्यासाठी इतके वेगवेगळे परवाने लागू लागले, की पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट सोपी झाली. उलट ट्रॅमाडॉलचा गैरवापर वाढला म्हणून २०१८ साली ते याच कायद्याखाली आणले गेले.

दोन्ही टोके पाहिल्यावर मधला रस्ता दिसतो. ऑपरेशननंतर थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधाने व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. तो वाढतो ते दिवस लांबल्यावर, दुखणे ओसरले तरी ‘छान झोप लागते’ म्हणून गोळी चालू ठेवल्यावर, आणि उरलेली पट्टी कपाटात कोणाच्याही हाताला लागेल अशी पडून राहिल्यावर. म्हणून ही गोळी केव्हा बंद करायची ते सुरू करतानाच विचारावे.

एक वही आणि सोळा आणे

बँकेत दिवसअखेरीस रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. व्हाउचर नाही तर व्यवहार नाही, हा पहिला धडा. ऑपरेशननंतरच्या घरात तीच शिस्त उपयोगी पडते. मुलांची जुनी वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत: वेळ, गोळीचे नाव व मिलिग्रॅम, गोळीपूर्वी दुखणे किती, आणि तासाभराने किती. रात्रपाळीला बसलेली सून आणि सकाळी आलेली लेक या दोघींनी एकच गोळी दोनदा देण्याचा प्रसंग या वहीने टळतो. फेरतपासणीला जाताना वही डॉक्टरांपुढे ठेवली की ‘बरं आहे’ या दोन शब्दांपेक्षा त्यांना पुष्कळ जास्त कळते.

दुखणे मोजायचे कसे? डॉक्टर शून्य ते दहा असा आकडा विचारतात. आमच्याकडच्या वयस्कर माणसांना तो जमत नाही. त्यांना आण्यांत विचारावे. नवे पैसे १९५७ साली आले, पण “आज बारा आणे बरा वाटता” असे म्हणणारी माणसे अजून आहेत. “रुपयातले किती आणे दुखतंय?” असे विचारले की चटकन उत्तर येते. आणि नुसते पडल्या जागी विचारू नये. खोकताना किती, उठताना किती, हे विचारावे. पडून असताना चार आणे आणि उठताना बारा आणे असेल, तर बारा आण्यांचाच हिशेब धरायचा.

गोळीच्या जोडीला बिनपैशाचे उपायही आहेत. खोकताना पोटावर उशी घट्ट धरली की टाक्यांवरचा ताण कमी होतो. अंथरुणातून थेट उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिले असेल तर ते शोभेला ठेवू नये. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तर व्यायाम सुसह्य होतो. हाडाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितले असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवावा. ताज्या जखमेवर शेक, बाम, पाल्याचा लेप यांपैकी काहीही लावू नये.

शेवटी, कोणते दुखणे गोळीने दाबायचे नाही, हे माहीत असणे सर्वांत महत्त्वाचे. रोज थोडे थोडे उतरत जाणारे दुखणे सरळ मार्गाचे. उतरणीला लागलेले दुखणे एकाएकी चढले, जखम लाल होऊन गरम लागू लागली, पू आला, ताप आला, पोट फुगून कडक झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर चोळत बसू नये. तीही त्याच दिवशी दाखवावी. लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे यांतही वेळ दवडू नये. दम लागणे, छातीत दुखणे, काळी चिकट शौचास होणे, हाक मारूनही नीट जाग न येणे किंवा श्वास फार मंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा.

हे सगळे रुग्णालयातून निघतानाच विचारून घ्यावे: कोणती गोळी किती वाजता, किती दिवस, कोणती आधी बंद करायची, ‘दुखल्यास’ म्हणजे दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा, आणि रात्री अडचण आली तर फोन कोणाला. डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरला विचारावे. विचारण्यात संकोच कसला? भेटायला जाणाऱ्यांनीही शहाळ्याबरोबर सल्ला नेऊ नये. खाटेशेजारी बसावे आणि विचारावे, “रात्री झोप लागली का? आज अंगणापर्यंत चाललात का?” उत्तर ‘नाही’ आले, तर घरच्यांना बाजूला घेऊन डॉक्टरांना फोन करायला सांगावे.